कागदांचे कापलेले माथे

भिजवलेल्या उडदाची सालं निम्मीच निघाली होती. परातीत एका बाजूला पांढरे दाणे, एका बाजूला काळे, आणि मधे पद्मठकुंचे लालभडक झालेले हात. पोहेला, म्हणजे पौष महिन्यातलं पाणी म्हणजे सुया. गच्चीवर ऊन आलं होतं, पण ते नुसतं बघायला. दुपारपर्यंत उडीद वाटून वडे थापायचे, पहिला वडा गणेशाला ठेवायचा, मग घरात कुणी तोंड उष्टं करायचं, असा तिचा बेत होता. तेवढ्यात खालचं दार कुणीतरी मुठीनं ठोकलं.

आळीतलं माणूस दार ठोकत नाही, खालून हाक मारतं. पद्मठकुंनं परातीवर सूप पालथं घातलं आणि गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. उंबऱ्यापुढच्या पूजेच्या शिळेवर एक शिपाई चक्क पाय ठेवून उभा होता. सकाळचं कुंकू अजून ओलं होतं त्या शिळेवरचं.

"पाय काढ आधी!" ती वरून ओरडली. कोण आहे, कशाला आलाय, हे विचारायचं तिला नंतर सुचलं.

पद्मठकुंचा जन्म भादगावचा. तिच्या माहेरी तीन पिढ्या कागदाला घोटाई करायच्या. डोंगरातून खरखरीत कागदांचे गठ्ठे यायचे, त्यांना हरताळ घातलेली खळ लावायची, वाळवायचे आणि मग शंखानं घासून घासून असे गुळगुळीत करायचे की माशी बसली तर घसरावी. हरताळीनं कागद पिवळा व्हायचा आणि कसर त्याच्याकडे फिरकत नसे. हरताळ विषारी, म्हणून त्या कामाची भांडी वेगळी, जागा वेगळी. लहानपणी आईनं तिला पहिली गोष्ट शिकवली ती हात धुण्याची. दुसरी गोष्ट तिची ती शिकली. कागदाचा आवाज ओळखायला. कच्चा कागद कुजबुजतो, घोटलेला कागद चुरचुरतो. डोळे मिटून ती सांगायची, हा घोटलेला, हा कच्चा, हा घोटलेला पण दमट. वडिलांनी तिला अक्षरओळखही करून दिली, पुतळ्यासारखं बसून नुसतं घासत राहण्यापेक्षा काय घासतोय ते कळावं म्हणून.

खोऱ्यातल्या मूळच्या नेवारांच्या रीतीप्रमाणं बेलफळाशी लग्न सातव्या वर्षी लागलं, भाजुधनशी चौदाव्या. भाजुधन काठमांडूचा, कारकुनी करणाऱ्या, श्रेष्ठ आडनावाच्या घराण्यातला, पुढं मुन्शीखान्यात नक्कलनवीस झाला. परमुलखाशी जो काही पत्रव्यवहार व्हायचा, त्याचे मसुदे आणि नकला तो लिहायचा. अक्षर मोत्याचं. माणूस मात्र मुका म्हणावा इतका अबोल. सासू म्हणायची, "माझ्या पोराच्या तोंडात देवानं जीभ घातली ती फक्त भात ढकलायला." आणि सुनेबद्दल म्हणायची, "हिच्या डोळ्यांत देवानं बुबुळं घातली ती फक्त संशय घ्यायला." सासूचं खोटं नव्हतं. मीठ आणलं की पद्मठकुं ते पाण्यात विरघळवून बघायची, वाळू किती बसते ते. दूधवाल्याच्या म्हशीपर्यंत ती एकदा चालत गेली होती. एकुलत्या मुलीचं लग्न पाटणला ठरलं तेव्हा जावयाच्या तीन पिढ्यांची चौकशी तिनं अशी केली, की व्याही म्हणाले, एवढी चौकशी तर गोरखाली फौजेत भरती होतानाही करत नाहीत.

फिरंग्यांशी लढाई लागली आणि हा संशय एकट्या पद्मठकुंचा उरला नाही, साऱ्या गावाचा झाला. पश्चिमेचे गड एकामागून एक पडल्याच्या बातम्या आल्या. मग तहाची बोलणी सुरू झाली. दूत खाली मैदानात जाऊन सही करून आले, पण दरबारानं तहावर लाल मोहोर उठवायची की नाही, हे ठरत नव्हतं. महिना उलटला. मसुदे लिहिले जात होते, खोडले जात होते. आणि अशातच कुणीतरी म्हणालं, की दरबारचं उत्तर पाठवायच्या आधीच फिरंग्यांच्या छावणीत ते शब्दाला शब्द बोललं जातंय. झालं. पाण्याच्या धारेवर घागर भरायला गेलेल्या बायकासुद्धा एकमेकींकडे तिरक्या बघायला लागल्या. त्यातून हे नेवार. गोरखाली राजानं हे खोरं जिंकलं त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, तरी डोंगरातून आलेल्या अंमलदारांना वाटायचं, जिंकलेलं माणूस मनातून कधी आपलं होत नाही.

दारात उभे होते ते दोन शिपाई आणि खरदार वीरकेसर उपाध्ये. मुन्शीखान्यातला हा वरचा अंमलदार गोरख्याकडचा ब्राह्मण, पन्नाशीचा, कपाळावर चंदन, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या अंमलदाराला माणसं जास्त भितात.

"भाजुधनचं घर हेच ना, दिदी?"

"हेच. ते घरी नाहीत. काल सकाळी कचेरीत गेलेत, अजून आले नाहीत."

"ते मला माहीत आहे," खरदार म्हणाले. "मीच बसवून ठेवलंय त्यांना."

पद्मठकुंनं ओले हात पदराला पुसले, आणि पुन्हा पुसले.

खरदारांनी उभ्याउभ्याच सांगितलं. कचेरीत लिहिताना बिघडलेले कागद एका टोपलीत टाकायचे असतात. वर्षातून एकदोनदा ते हौदात भिजवून, पायानं तुडवून त्यांचा लगदा करतात. या खेपेला छावणीतली ती बातमी आली म्हणून, तुडवायच्या आधी खरदारांनी टोपली ओतून प्रत्येक कागद उलगडला. पाच नक्कलनविसांचे कागद. चौघांचे पुरते होते. भाजुधनचे तेवीस कागद निघाले आणि तेविसांनाही माथा नव्हता. वरची पट्टी कापलेली. सरळ, धारदार सुरीनं.

"बावीस कागदांची पट्टी दोन बोटं रुंदीची आहे," खरदार म्हणाले, "आणि एकाची चार बोटं. मी विचारलं, काय कापलंस? म्हणे, नावं कापली. विचारलं, कुठं आहेत? तर जमिनीकडे बघतो. रात्रभर जमिनीकडेच बघतोय. तुम्हाला माहीत आहे का काही?"

"नाही," पद्मठकुं म्हणाली. इतकी पटकन म्हणाली की खरदारांनी मान वर केली.

कारण तिला माहीत होतं. निदान निम्मं.

सात महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी नवरा कचेरीतून आला, जिना चढला, आणि त्याच्या कंबरेच्या पटक्यातून आवाज आला. घोटलेल्या कागदाचा, थोडा दमट झालेला. दुसरं कुणी असतं तर ऐकूही आलं नसतं. तिनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. हात-पाय धुऊन, धोतर बदलून तो आगमच्या, कुळदेवाच्या खोलीत गेला आणि बाहेर आला तेव्हा पटका गप्प होता. पुढं दर आठ-दहा दिवसांनी तसंच. सुरुवातीला तिला वाटलं, बाई आहे. पाटणला कुणीतरी आहे आणि चिठ्ठ्या येतात. या विचारावर तिनं दोन महिने काढले, नवऱ्याच्या खांद्यावर केस आहे का ते बघत. मग वाटलं, चिठ्ठ्या देवाच्या खोलीत कोण ठेवील? मग छावणीतल्या त्या बातमीची गोष्ट गावात फिरायला लागली. नवरा जेवताना थांबला की तिला वाटायचं, आता सांगेल. खिडकीतून आळीत बघत बसला की वाटायचं, कुणाची वाट बघतोय.

शिपायांनी घर धुंडाळलं. धान्याच्या कणग्या उपसल्या, गाद्या उलट्या केल्या. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात शिरायला लागले तेव्हा ती आडवी आली. "पायातलं चामडं काढा. आणि चुलीला शिवू नका." त्यांनी चामडं काढलं. ते उतरून खाली आले आणि मधल्या मजल्यावरच्या बुटक्या दारापाशी थांबले. दारावर लाल पडदा, कुलूप, कुलपाला झेंडूची वाळकी माळ.

"इथं काय आहे?" खरदारांनी विचारलं.

"देव."

"कोणता?"

"नाव सांगायचं नसतं."

"नाव नसलेला देव!" एक शिपाई हसला. "माझ्या सासऱ्याकडे नाव नसलेलं कर्ज आहे, तसं."

खरदारांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो दारापासून मागं सरकला. खरदार ब्राह्मण होते, आणि नेवारांच्या आगमच्या खोलीत दीक्षा न घेतलेल्या माणसानं पाऊल टाकायचं नसतं, मग तो राजा का असेना, हे त्यांना ठाऊक होतं. घरातल्या सुनांनाही दीक्षेशिवाय आत जाता येत नाही. त्या खोलीत जे दिलं ते देवाचं झालं, ते पुन्हा उंबऱ्याबाहेर येत नाही. आत काय आहे ते बाहेर बोलायचंही नाही.

"तुमची दीक्षा झाली आहे?" त्यांनी विचारलं.

"झाली आहे. आम्हा दोघांची, एकदम."

"मग ऐका, दिदी." आवाज आणखी मऊ झाला. "मी आत जाणार नाही आणि कुणाला जाऊ देणार नाही. पण ऊन कचेरीच्या पायरीवरून उतरायच्या आत त्या तेवीस पट्ट्या माझ्यापुढं आल्या नाहीत, तर मी कागद वर दरबारच्या सरदारांकडे, भारदारांकडे पाठवणार. तिथून पुढं माझं काही चालत नाही. लढाईत शत्रूला कागद देणाऱ्याची मान जाते आणि घर सरकारजमा होतं. एक शिपाई दारात ठेवतोय. तो तुम्हाला अडवणार नाही. तुम्ही कुठं जाता तेवढं बघेल."

ते गेले. आळीतल्या सगळ्या खिडक्या एका क्षणात मिटल्या, म्हणजे आतापर्यंत सगळ्या उघड्या होत्या.

एक मिटली नाही. शेजारची हर्षलक्ष्मी गच्चीवरून गच्चीवर आली. पद्मठकुंपेक्षा दहा वर्षांनी मोठी, सगळी आळी तिला तता म्हणायची, थोरली बहीण म्हणून. येताना तिनं परातीवरचं सूप उचलून पाहिलं.

"उडीद काळवंडतील ना गं असे सोडले तर."

"तता, उडदाचं काय घेऊन बसलीस!"

"मग कशाचं घेऊन बसू? तुझ्या नवऱ्याचं? त्याचं गाव घेऊन बसलंय." ती जवळ सरकली. "खरं सांग, दिलेत का त्यानं कागद?"

"मला काय माहीत!"

"तुला माहीत नाही? तुला? अगं, माझ्या घरात तूप किती उरलंय ते तुला माहीत असतं!"

पद्मठकुंनं सूप पुन्हा परातीवर घातलं. हर्षलक्ष्मीनं आवाज उतरवला. "हे बघ. घर जमा करतील ते त्याचं. तुझ्या माहेरचं सोनं, भांडी, ते तुझं. पण तू त्याची बायको असशील तर कोण ऐकतंय? सुपारी काढ. त्याच्या उशाशी ठेव आणि भादगावची वाट धर. बेलफळाशी लग्न झालेल्या बाईला विधवापण नाही, मग दुसऱ्याच्या पापापायी तू का भीक मागायची?"

"तू ठेवली असतीस?"

"मी? मी चाळीस वर्षांपूर्वीच ठेवणार होते. ऐन वेळी सुपारी सापडली नाही." हर्षलक्ष्मी उठली. "हसू नकोस. मी खरं सांगतेय. आणि उडदात पाणी घालून ठेव."

ती गेल्यावर पद्मठकुंनं उडदात पाणी घातलं. मग खाली झोपायच्या खोलीत जाऊन पेटी उघडली. लग्नात तिनं या घरातल्या प्रत्येकाला दहा-दहा सुपाऱ्या दिल्या होत्या, त्यानं माणूस घरचं होतं. सोडून जायचं तर तीच सुपारी उशाशी ठेवायची, भांडण नाही, तंटा नाही. तिनं एक सुपारी घेतली आणि भाजुधनच्या उशाशी ठेवली. मग आंघोळीला गेली. थंडगार पाण्याचे तीन तांबे अंगावर घेतले. ओल्या केसांनी परत आली, सुपारी उचलली आणि पेटीत ठेवून दिली. तेवढ्या वेळापुरती ती नवऱ्याला सोडून गेली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त म्हातारपणी मुलीला एकदा सांगितलं.

आगमची किल्ली तिच्याच कंबरेला असायची, दुसरी भाजुधनकडे. धुतलेलं लाल वस्त्र नेसून ती आत गेली. आत काय आहे ते इथंही लिहायचं नाही. एवढंच, की पायाशी लाल फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती आणि गाठ भाजुधनची होती, दोन पदरी, उलट्या हाताची. तो डावखुरा.

गाठ बघून तिचं मन पुन्हा खवळलं. इथं! ज्या देवापुढं दोघांनी मिळून दीक्षा घेतली, ज्याच्यापुढं दीक्षेनंतरच्या बारा वर्षांत ती एकदाही एकटी आली नाही, त्याच्या पायाशी यानं शत्रूचं काम आणून ठेवलं? शिपाई आत येणार नाहीत हे याला माहीत, म्हणून? तिनं डोकं टेकलं आणि म्हणाली, "दे मला. मी मागून घेत नाही, उचलून नेतेय. शिक्षा माझी." पुरचुंडी घेऊन ती बाहेर आली. कुलूप लावून माळ पुन्हा अडकवली.

माजघरात शेगडी होती. तिनं ती पुढ्यात ओढली, बसली आणि गाठ सोडली.

पिवळ्या पट्ट्या. पहिलीवर लिहिलं होतं श्री पशुपतिनाथ. दुसरीवरही तेच. तिसरीवर श्री गुह्येश्वरी, चौथीवर महाराजांचं नाव, पुढं पाच श्री. एकेक उलगडून ती मांडीवर ठेवत गेली. सगळ्यांवर नावं, नुसती नावं. खाली काही नाही.

हे तिला समजलं, कारण कागदाच्या घरात ती वाढली होती. सरकारी कागदात देवाचं, राजाचं नाव ओळीत लिहीत नाहीत. लिहिता लिहिता नाव आलं की तिथं जागा कोरी सोडायची, एक आकडा टाकायचा, आणि नाव उचलून कागदाच्या माथ्यावर न्यायचं. बाकीच्या शब्दांच्या पंगतीत देवाला बसवायचं नाही. आणि बिघडलेला कागद हौदात पायानं तुडवतात. भाजुधननं माथे कापून घरी आणले होते, देवाचं नाव कुणाच्या टाचेखाली जाऊ नये म्हणून. वेडा माणूस. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

छातीवरचा दगड हलला. बावीस पट्ट्या झाल्या. तेविसावी रुंद होती.

ती उलगडली आणि पद्मठकुंनं पहिली ओळ वाचली. *मेची नदीच्या पूर्वेकडला सगळा मुलूख सोडण्याबाबत दरबारचं म्हणणं असं की.* हे नाव नव्हतं. ही तहातली गोष्ट होती, जी छावणीत आधीच पोचली होती. तिनं पट्टी मिटली.

म्हणजे बावीस पट्ट्या होत्या या एकीला झाकायला. देवाच्या नावांच्या आड. हा विचार तिला इतका सरळ, इतका गुळगुळीत वाटला, जसा शंखानं घोटलेला. सात महिने ज्याची वाट पाहिली तो पुरावा हातात आला की माणसाला दुःखाआधी एक गारवा वाटतो. तसा तो वाटला.

शेगडी पुढ्यात होती. पट्टी निखाऱ्यावर टाकायची, बावीस न्यायच्या आणि सांगायचं, एवढ्याच मिळाल्या. तिनं कोपरा निखाऱ्याला लावला. लगेच लसणाचा वास उठला. हरताळ जळली की असाच वास येतो, उग्र, घशात बसणारा. खाली दारात शिपाई होता. आळीतल्या बंद खिडक्यांमागं नाकं होती. तिनं झटकन पट्टी मागं घेतली आणि चिमटीत विझवली. करंगळीच्या नखाएवढा कोपरा गेला होता.

पुढं आयुष्यभर पद्मठकुं सांगायची, की मला देवानं थांबवलं. खरं म्हणजे वासानं थांबवलं. पण वासानं थांबवल्यावर ती बसून राहिली आणि मग जे ठरवलं ते तिनं स्वतः ठरवलं, त्यात वासाचा काही संबंध नव्हता. पुरचुंडी देवाची होती. त्यातली एक वस्तू काढून बाकीच्या नेणं म्हणजे देवाच्या घरात हातचलाखी. नेईन तर सगळं नेईन. नवऱ्यानं केलं असेल तर ते त्याच्या मानेवर, नसेल तर देवाच्या मानेवर. मी मधे हात घालणार नाही. तेवीसच्या तेवीस पट्ट्या तिनं पुन्हा बांधल्या, सुलट्या हाताच्या गाठीनं, आणि पदराखाली धरून निघाली.

इंद्रचौकात भाजीवाल्या होत्या, त्यांनी हाका मारल्या नाहीत. शिपाई दहा पावलं मागून येत होता. कचेरीच्या पायरीवर ऊन अजून होतं, शेवटच्या दोन पायऱ्यांवर.

आत खरदारांपुढं जमिनीवर तेवीस कागद मांडले होते, बिनडोक्याचे. भिंतीशी भाजुधन बसला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या लाल फडक्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की कुणी त्याच्या थोबाडीत मारली असती तरी तसा झाला नसता.

"कुठं मिळाल्या?" खरदारांनी विचारलं.

"ते विचारू नका," पद्मठकुं म्हणाली. "मोजा."

खरदार एकेक पट्टी घेत, कागदाला लावून बघत. ओळीतली कोरी जागा, तिथला आकडा, वरच्या पट्टीवर तोच आकडा आणि नाव. कापाची कड कडेला बसत होती. एक. दोन. सात. पंधरा. कारकून भोवती जमले. बावीस झाल्या. खरदारांनी रुंद पट्टी उचलली.

"कोपरा जळलाय."

खरदारांनी तो बोटानं चाचपला.

"जळलाय, दिदी."

"मी जाळत होते," पद्मठकुं म्हणाली. "मग नाही जाळली."

भाजुधननं मान वर केली. खरदारांनी पट्टी कागदाला लावली. बसली. मग ते वाचायला लागले, ओठ हलवत. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीवर ते थांबले, पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि भाजुधनवर एकदम कडाडले. मऊपणा कुठल्या कुठं गेला.

"हे काय लिहिलंस? तराईतल्या श्री पशुपतिनाथांच्या देवस्थानच्या जमिनी... नाव ओळीत? ओळीत लिहिलंस तू? वीस वर्षं लेखणी धरतोस!"

"चुकलं," भाजुधन म्हणाला. आवाज गंजलेला होता. "तीन दिवस झोप नव्हती. हात पुढं गेला, मग ध्यानात आलं."

"मग हरताळ लावायची आणि वर लिहायचं! दर चुकीला आपण लावतोच की!"

भाजुधननं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "त्या नावावर हरताळ लावू, खरदार?"

एका म्हाताऱ्या कारकुनानं नकळत हात जोडले. चुकलेल्या अक्षराला पिवळी हरताळ फासून पुसणं हे त्यांचं रोजचं काम, पण देवाच्या नावाला हरताळ फासायला त्या खोलीतलं कुणी धजलं नसतं. म्हणून तो कागद बाद झाला होता, आणि नाव तिसऱ्या ओळीत होतं म्हणून पट्टी तिथपर्यंत कापावी लागली होती.

"तेवीस," खरदार शेवटी म्हणाले. "पुरते आहेत. एक जरी कमी असती ना, दिदी, तरी मी बाकीच्या बावीस खोट्या धरल्या असत्या."

त्यांनी पट्ट्या मात्र परत दिल्या नाहीत. कागदांना जोडून, बांधून, वर मोहोर लावून फडताळात ठेवल्या. तुडवणार नाही, एवढा शब्द दिला. भाजुधनला तहाच्या कामावरून काढून जमीनमोजणीच्या दप्तरात बसवलं. "तू दिले नाहीस हे कळलं," ते म्हणाले. "कुणी दिले ते कळलं नाही. अजून चौघं आहेत." आणि त्यांनी वळून त्या चौघांकडे पाहिलं. त्यात तो म्हातारा कारकूनही होता, अजून हात जोडलेला.

दोघं चालत घरी निघाले. इंद्रचौकातल्या भाजीवाल्यांनी आता हाका मारल्या. तो पुढं, ती दोन पावलं मागं.

"तू आत गेलीस," भाजुधन मागं न बघता म्हणाला. "आणि बाहेर आणलंस."

"आणलं."

"मी ठरवलं होतं, मान गेली तरी बोलायचं नाही."

"तुम्ही ठरवलं होतं. मला कुणी विचारलं होतं?"

चौक ओलांडल्यावर त्यानं विचारलं. "तुला कधी कळलं?"

"सात महिने झाले. तुमचा पटका वाजतो."

तो थांबला. "मग काय वाटलं तुला?"

"आधी वाटलं, पाटणला बाई आहे."

भाजुधन हसला. रस्त्याच्या मधोमध, खांदे हलवून. लग्नाच्या तीस वर्षांत तो असा हसलेला तिनं दोनदा पाहिला असेल. "पाटणला! मला! आणि मग?"

तिनं कचेरीच्या दिशेनं मागं पाहिलं. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"रुंद पट्टी तू वाचलीस?"

"वाचली."

"मग नाव दिसलं नाही तुला? तू तर देवाचं नाव भिंतीवरच्या भेगेत शोधतेस."

"पहिली ओळ वाचली," पद्मठकुं म्हणाली. "मग मिटली."

"तीन ओळी होत्या," भाजुधन म्हणाला. रागानं नाही, कुणी दप्तरातली नोंद वाचून दाखवावी तसा. आणि चालायला लागला.

घरी आल्यावर तिनं उरलेल्या उडदाची सालं काढली. संध्याकाळ झाली होती, तरी वडे केले. पहिला गणेशाला ठेवला. भाजुधननं चार खाल्ले आणि पाचवा मागून घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला तिचा राग आला होता की भीती वाटत होती, की तो आता तिला ओळखत नव्हता, हे तिला ताटावरून कळेना. हर्षलक्ष्मी गच्चीवरून विचारून गेली, "सुटला म्हणे?" आणि उत्तर न ऐकता म्हणाली, "वडे मात्र काळे झालेत गं."

त्यानंतर पद्मठकुं अठ्ठावीस वर्षं जगली. तहावर लाल मोहोर उठली, मुलूख गेला, लढाई संपली, आणि ती बातमी कुणी फोडली ते कधी कळलंच नाही. मिठाची परीक्षा तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. नवऱ्याचा पटका मात्र पुन्हा ऐकला नाही. तो जिना चढताना ती मुद्दाम भांडी वाजवायची.

पण हे सगळं नंतरचं. त्या रात्रीनंतरच्या पहाटे ती उठली, आंघोळ केली, नेहमीची पूजेची थाळी घेतली, त्यात, नेवारांच्या पूजेतल्या रीतीप्रमाणं, बदकाचं एक अंडं आणि थोडी दारू वेगळी ठेवली, आणि आळीच्या टोकाला राहणाऱ्या आचाजूंकडे, घराण्याच्या पुरोहितांकडे, निघाली. आगमच्या खोलीतली वस्तू उंबऱ्याबाहेर आणली त्याचं प्रायश्चित्त काय, ते विचारायचं होतं.